मध्यस्थाचा रकाना

पर्मनंट रेसिडेंट झालेल्या माणसाला परदेशातून स्वतःची बायको जपानमध्ये आणायची असेल, तर सरकारला आधी त्या दोघांची कहाणी लागते. आठ पानी. श्रीहरी कानविंदेला हे कळलं तेव्हा त्याच्या लग्नाला सत्तावीस दिवस झाले होते. त्यातल्या बावीस दिवसांत कहाणी म्हणावी असं काही घडलेलं नव्हतं, कारण पाचव्याच दिवशी रजा संपली म्हणून वीणाला पुण्याला ठेवून तो जपानमधल्या ओजिमाच्या फ्लॅटमध्ये एकटा परतला होता.

आठ पानांत प्रश्नच प्रश्न होते. प्रथम कुठे भेटलात? ओळख कोणी करून दिली? मध्यस्थाचं नाव, पत्ता, फोन, तुमच्याशी नातं? नंतर लग्नापर्यंत काय काय घडलं, तारखांसकट? आपसात कुठल्या भाषेत बोलता? सोबत दोघांचे फोटो. श्रीहरीच्या वडिलांनी आयुष्यात आईविषयी कोणाला एवढं सांगितलं नव्हतं.

त्यातही तो मध्यस्थाचा रकाना त्याच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता. कारण त्यात नाव लिहावं लागणार होतं नचिकेतचं.

नचिकेत त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायचा. दोघं एकाच वर्षी पुण्याहून इथे आले, एकाच कंपनीत लागले, आणि तिथून पुढे दोघांमधलं साम्य संपलं. नचिकेत जपानी भाषेची सगळ्यात वरची परीक्षा पास झाला, श्रीहरी खालून दुसरी. नचिकेत आंबवलेल्या चिकट सोयाबीनचा नाश्ता आवडीने करायचा, श्रीहरी वास आला की खिडकी उघडायचा. इमारतीतल्या म्हाताऱ्या नचिकेतला थांबवून हवापाण्याचं विचारायच्या आणि श्रीहरीला नुसती मान लववायच्या. अकरा वर्षं श्रीहरीने हे सगळं मोठ्या मनाने सहन केलं होतं, आणि आपलं मन किती मोठं आहे याची तो स्वतःला रोज आठवण करून देत होता.

पण वीणाचं प्रकरण निराळं होतं. वीणाला आधी नचिकेतच पाहायला गेला होता.

झालं असं, की गेल्या दिवाळीत नचिकेत पुण्याला गेला, कोथरूडला वीणाच्या घरी पोहे खाऊन आला, आणि परत आल्यावर लिफ्टमध्ये श्रीहरीला म्हणाला, "मुलगी चांगली आहे रे. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. मला काही क्लिक नाही झालं. पण तुला बरी आहे. नंबर पाठवतो."

तुला बरी आहे! आपल्याला घट्ट होणारा शर्ट माणूस ज्या सुरात धाकट्या भावाला देतो, तो सूर. श्रीहरी तीन दिवस त्या शर्टाकडे पाहत राहिला आणि चौथ्या दिवशी त्याने फोन केला. त्यानंतर मात्र वीणा त्याला इतकी आवडली, की आपण नचिकेतचे आभार मानायला हवेत हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच त्याने ते मानले नाहीत.

शिवाय वीणा नचिकेतला 'तू' म्हणायची. नवऱ्याला 'तुम्ही'.

"अगं, मलाही तू म्हण की," एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने अगदी सहज वाटेल अशा बेताने सुचवलं होतं.

"सवय व्हायला वेळ लागेल हो," वीणा म्हणाली होती. "तुम्ही जरा गंभीर दिसता."

श्रीहरी त्यानंतर आठवडाभर आरशासमोर कमी गंभीर दिसून पाहत होता.

फॉर्म आल्याची बातमी इमारतीत पसरायला एक दुपार पुरली. तिसऱ्या मजल्यावरच्या पियुषने सायकल लावता लावता सल्ला दिला, "कशाला एवढे कागद? टुरिस्ट व्हिसावर आण आणि इथे आल्यावर बदलून घे." स्वतः पियुषचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याला सगळे मार्ग ठाऊक होते. श्रीहरीने हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अत्यंत नम्रपणे, चार वेळा माफी मागत सांगितलं, की तसं सहसा होत नाही, आधी इथूनच पात्रतेचा दाखला काढावा. तेव्हा आठ पानांना पर्याय उरला नाही.

मग मुलाकडे राहायला आलेल्या जयमालाकाकूंनी त्याला लिफ्टपाशी गाठलं. काकूंना इथे करमत नव्हतं आणि दुसऱ्यांच्या भानगडी सोडवण्यात त्यांचे गुडघे दुखायचे थांबत.

"पोहे खाऊन जमलं असं चुकूनही लिहू नकोस हो," त्या म्हणाल्या. "यांना वाटेल, व्हिसासाठी केलेलं लग्न आहे. प्रेम लिही. पाहताक्षणी."

"पण काकू, मध्यस्थ..."

"प्रेमात कुठला आलाय मेला मध्यस्थ?"

काकू बोलून गेल्या, पण हे वाक्य श्रीहरीच्या कानात मधासारखं उतरलं. प्रेमात मध्यस्थ नसतो! म्हणजे रकाना रिकामा! अकरा वर्षांत पहिल्यांदा जपान सरकारच्या एका कागदावर फक्त श्रीहरी असणार होता, नचिकेत नसणार होता.

फोटोंनी मात्र त्याची निराशा केली. लग्नाचे एकूण सहाशे बेचाळीस फोटो होते. लग्नाला नचिकेत आलेला होता आणि गुरुजींपासून वाढप्यांपर्यंत सगळ्यांना मदत करत होता, त्यामुळे तो वीणाच्या शेजारी अठ्ठावन्न फोटोंत होता. वीणाच्या हातात तांदूळ, शेजारी नचिकेत ताट धरून. वीणा हसतेय, शेजारी नचिकेत काहीतरी बोलतोय. आणि नवरा? अर्ध्या फोटोंत तो अंतरपाटापलीकडे होता. उरलेल्यांत मुंडावळ्या अशा ओघळल्या होत्या, की खाली लग्न झालेला माणूस आहे की सजवलेला बैल हे पासपोर्टवरून ठरवणं कठीण. दोघांचे चेहरे स्वच्छ दिसतात असे तीन फोटो निघाले. पैकी एकात वीणा शिंकत होती.

आता यात नचिकेतचा दोष काय, असं कोणी विचारेल. दोष असा नव्हताच. मत्सराला दोष लागत नाही, नुसती जागा लागते.

वीणाचंही एक पत्र जोडावं, त्याने अर्ज भक्कम होतो, असं कोणीतरी सांगितलं. ते कोणी सांगितलं हे सांगण्याची गरज नाही. अर्थात नचिकेतने.

"मी मराठीत लिहिते," वीणा म्हणाली. "जपानी कोण करेल?"

खरं तर इथे श्रीहरीला खिंडीत सापडल्यासारखं झालं. तो स्वतः पोहे खायला गेला तेव्हा वीणाच्या वडिलांनी विचारलं होतं, "जपानी येत असेल ना उत्तम?" आणि तो म्हणाला होता, "अकरा वर्षं झाली, आता पेपरसुद्धा वाचतो." पेपर तो वाचायचा, हे खरं. त्यातल्या हवामानाच्या चित्रापुरता.

"मी करीन की," तो म्हणाला.

"नको, तुम्ही वाचणार म्हटलं की मला लिहवणार नाही. मी थेट नचिकेतला पाठवते. तो करेल."

पत्र चार दिवसांनी नचिकेतने आणून दिलं. जाड कागदावर, ब्रशपेनाने, हाताने लिहिलेलं. "अशी पत्रं हाताने लिहिली की वजन पडतं," तो म्हणाला, आणि नेहमीसारखं आणखी काहीबाही न बोलता लगेच निघून गेला. श्रीहरीने दार लावून फोनचा कॅमेरा त्यावर धरला. नचिकेतचं वळण इतकं कलात्मक होतं, की फोनने पहिल्या ओळीचा अर्थ 'आदरणीय मासा' असा लावला आणि हात टेकले.

पण परक्या नावांची जी सोपी अक्षरं असतात ती श्रीहरीला वाचता यायची. त्याने पेन्सिल घेतली आणि मोजलं. त्याच्या बायकोच्या, त्याच्या लग्नाविषयीच्या पत्रात श्रीहरी हे नाव एकदाच आलं होतं. नचिकेत सात वेळा.

त्याने पुन्हा मोजलं. सातच.

"वाचलंत?" संध्याकाळी वीणाने विचारलं. तिचा चेहरा जरा लाल झाला होता.

पेपर वाचणारा माणूस काय म्हणणार? "वाचलं," तो म्हणाला.

"मग? काहीच बोलला नाहीत."

"चांगलं आहे. अक्षर चांगलं आहे."

"पत्र लावाल ना पण? काही बदलू नका हं. मी कॉलेजात राजीनामा दिलाय, जूनपासून माझ्याकडे ना नोकरी ना व्हिसा."

"लावतो," तो म्हणाला, आणि दिला शब्द त्याला मोडता येत नसल्याने त्याने लावलंही. मात्र आठ पानांत सूड घेतला. मध्यस्थ: नाही. प्रथम भेट: पुण्यात, एका ग्रंथालयात, योगायोगाने. दोघांचा हात एकाच वेळी एकाच पुस्तकाकडे गेला. पुस्तकाचं नाव सुचेना म्हणून त्याने 'संख्याशास्त्राचे पुस्तक' असं लिहिलं. हे पाहताक्षणी प्रेमाचं जगातलं बहुधा एकमेव संख्याशास्त्रीय उदाहरण असावं.

इमिग्रेशनच्या खिडकीवरच्या तरुणाने कागद तपासले. संख्या भरावी म्हणून जोडलेल्या अंतरपाटाच्या फोटोपाशी त्याचं बोट थांबलं. बोट नचिकेतवर होतं.

"हे पती?"

"नाही. पती मी."

"आपण या फोटोत कुठे आहात?"

"पडद्यामागे," श्रीहरी म्हणाला. त्याच्या एकंदर परिस्थितीचं इतकं अचूक वर्णन त्याने जपानीत आजवर केलं नव्हतं.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. पाकीट जाड असलं तर ठीक, असं पियुषने सांगून ठेवलं होतं. हे पातळ होतं. श्रीहरीला त्यातलं 'दोन आठवडे' वाचता आलं, 'नचिकेत' वाचता आलं, आणि बाकीचं वाचता आलं नाही. नचिकेतकडे जाणं शक्य नव्हतं. फोनने अर्थ लावला, 'विसंगतीस कृपया प्रकाश द्या.' तो पाकीट आणि अर्जाची प्रत घेऊन खाली उतरला तेव्हा कचऱ्याच्या जाळीपाशी यामागुची-सान उभ्या होत्या.

यामागुची-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि इमारतीच्या कचऱ्यावर त्यांचं राज्य होतं. जळणारा, न जळणारा, बाटल्या, पुठ्ठे, प्रत्येकाचा वार वेगळा. ज्याने घोळ घातला त्याच्या पिशवीवर स्टिकर लागून ती तिथेच राही, आणि येणारेजाणारे ती पाहत. श्रीहरी त्यांना टरकून असे. पण त्या हळू आणि सोपं बोलत, एवढं त्याला पुरेसं होतं. त्याने पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं.

त्यांनी चष्मा लावला. "इथे म्हणतात, तुमच्या अर्जात मध्यस्थ नाही. बायकोच्या पत्रात आहे. कोण खरं बोलतं? दोन आठवड्यांत लेखी सांगा. नाही तर अर्ज नामंजूर." मग त्यांनी मान वर केली. "मध्यस्थ आहे की नाही?"

"आहे. पण मला वाटलं... ओळख करून दिलेलं लग्न म्हणजे..."

"माझंही तसंच," यामागुची-सान म्हणाल्या. "मध्यस्थ आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या शेजारी बसले होते. तशी रीतच होती. मध्यस्थ लपवतात होय कोणी?" आणि त्यांनी अर्जाच्या प्रतीला जोडलेलं वीणाचं पत्र उघडलं. तिथेच, रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटवर बसून, त्यांनी ते सावकाश वाचलं. वाचता वाचता एकदा तोंडावर हात ठेवून हसल्या. मग श्रीहरीला समजेल अशा सोप्या शब्दांत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

नचिकेत मला पाहायला आला, असं वीणाने लिहिलं होतं. नचिकेत सव्वा तास नचिकेतविषयी बोलला. मग मला हसवायला म्हणून त्याने एका मित्राची गोष्ट सांगितली. नचिकेतच्या पिशवीवर तीनदा स्टिकर लागला. इमारतीत परदेशी लोकांचं नाव खराब होईल म्हणून हा मित्र ती पिशवी गुपचूप वर न्यायचा, दह्याचे डबे धुवायचा, बाटल्यांची झाकणं वेगळी करायचा, लेबलं काढायचा, आणि योग्य वारी पुन्हा खाली ठेवायचा. कोणाला सांगायचा नाही, पण एकदा पकडला गेला. नचिकेत हसत होता. मी विचारलं, कचरा कोणाचा होता? नचिकेत म्हणाला, माझा. मी म्हटलं, मग हसतोयस कशाला? दुसऱ्या दिवशी नचिकेतचा होकार आला. मी नकार कळवला आणि त्या प्रामाणिक मित्राचा नंबर मागितला. त्या मित्राचं नाव श्रीहरी.

यामागुची-सानांनी पत्राची घडी घातली. "पिशवीचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी पाहत होते. वरच्या खिडकीतून. तीनही वेळा."

श्रीहरी जाळीला टेकून उभा राहिला. सात वेळांचा हिशेब त्याला आता लागला, आणि गंमत अशी, की सातही वेळा नचिकेतचं नाव आपल्या बाजूने आलं होतं.

पाचव्या मजल्यावर तो जिन्याने गेला, लिफ्टची वाट न पाहता. नचिकेतने दार उघडलं, हातातलं पातळ पाकीट पाहिलं, आणि काय झालं ते ओळखलं.

"मध्यस्थाचं निवेदन हवंय," श्रीहरी म्हणाला.

"ये."

"तू तर म्हणाला होतास, क्लिक नाही झालं."

"नाहीच झालं," नचिकेत म्हणाला. "तिला." मग चहाचं पाणी ठेवत, मागे न वळता म्हणाला, "तुला काय सांगणार होतो लिफ्टमध्ये? की माझा कचरा काढला म्हणून तू जिंकलास? अकरा वर्षं मी परीक्षा देतोय, त्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारतोय. आणि यामागुची-सान मला भेटल्या की विचारतात काय, तर तुमचा तो मित्र बरा आहे ना?"

श्रीहरीला हे ऐकून जे वाटलं ते फारसं उदात्त नव्हतं. ते बरंच सुखद होतं. आपणही कोणाच्या तरी डोळ्यांत इतकी वर्षं सलत होतो, ही बातमी अशी अवचित हाती आली की माणूस क्षणभर हरखतोच.

"मग भाषांतर बरोबर का केलंस? दोन-तीन ओळी गाळल्या असत्यास तर मला कुठे कळणार होतं?"

"तुला कुठे कळणार होतं हे मला माहीत आहे," नचिकेत म्हणाला. "तिने खाली लिहिलं होतं, एक शब्द बदलू नकोस. एकच बदलला. तिने तुला 'तो येडा मित्र' लिहिलं होतं. सरकारी कागदावर बरं दिसेना. दोन दिवस शब्द शोधला. शेवटी 'प्रामाणिक' घातला."

चहा झाला आणि दोघं निवेदन लिहायला बसले. नचिकेतचा भाग सोपा होता. अडलं श्रीहरीच्या भागावर. मध्यस्थ असताना 'नाही' का लिहिलं, याचं कारण द्यायचं होतं.

"'गैरसमजाने' लिही," श्रीहरी म्हणाला.

नचिकेतने लिहिलं. पण कच्चा मसुदा वळण तपासायला यामागुची-सानांकडे गेला आणि त्यांनी त्या शब्दावर रेघ मारली. "कसला गैरसमज? ग्रंथालय गैरसमजाने बांधलंत का? एकदा खोटं लिहिलं, दुसऱ्यांदा लिहू नये. खरं कारण काय?"

श्रीहरीने नचिकेतकडे पाहिलं. नचिकेतने छताकडे.

अशा रीतीने जपान सरकारच्या दप्तरी सुंदर ब्रशपेनाने हे नोंदलं गेलं: 'मध्यस्थ हे अर्जदाराचे अकरा वर्षांपासूनचे मित्र आहेत. अर्जदार त्यांच्यावर जळत असल्याने त्यांनी सदर रकाना रिकामा ठेवला. ग्रंथालयाची हकीकत खरी नाही. अर्जदार मनःपूर्वक क्षमा मागतात.' ते लिहिलं नचिकेतने, सही केली श्रीहरीने. ज्याचा मत्सर करतो त्याच्याच अक्षरात तो मत्सर लिहून घेण्याचा मान फार थोड्यांना मिळत असेल.

त्या संध्याकाळी त्याने वीणाला सगळं सांगितलं. शेवटी, घसा खाकरून, म्हणाला, "आणि आणखी एक. मला जपानी वाचता येत नाही. म्हणजे फारसं नाही. तुझं पत्रही वाचलं नव्हतं."

"जपानीचं माहीत होतं हो," वीणा म्हणाली. "नचिकेतने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या सव्वा तासात. पत्र मात्र कोणाकडून तरी वाचून घेतलं असेल असं वाटलं."

"आणि तरी मला पेपरचं बोलू दिलंस?"

"बाबा इतके खूश झाले होते. म्हटलं, बोलू देत."

दाखला सोळा दिवसांनी आला. पुण्याहून मुंबई, तिथे व्हिसाचा शिक्का, आणि जुलैच्या एका दुपारी वीणा दोन बॅगा आणि लोणच्याची एक बरणी घेऊन विमानतळाच्या दारातून बाहेर आली. श्रीहरीने आणायला एकटंच जायचं ठरवलं होतं. पण यामागुची-सानांनी बजावलं होतं की मध्यस्थाने असायलाच हवं, आणि यामागुची-सानांपुढे कचऱ्याखेरीज इतर बाबतींतही कोणाचं चालत नसे.

वीणा आली, आधी श्रीहरीपाशी थांबली, आणि दोघंही इतक्या लोकांत काय करावं हे न सुचून बॅगेच्या हँडलशी खेळत राहिले. हे पाहून नचिकेतने शहाणपणाने तोंड फिरवलं, हातातल्या गार चहाची बाटली घोटाघोटाने संपवली, आणि सवयीने, कचऱ्याचा डबा कुठे दिसेना म्हणून, रिकामी बाटली श्रीहरीच्या हातात दिली. श्रीहरीनेही सवयीने ती घेतली, झाकण फिरवून खिशात टाकलं आणि लेबलाची कड नखाने उचकटायला लागला.

वीणाने ती बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू थांब," ती श्रीहरीला म्हणाली. आणि बाटली पुढे केली. "नचिकेत, लेबल तू काढायचं."

श्रीहरी त्या 'तू'पाशीच अडकला होता. आता या माणसाचा हेवा करण्यासारखं जगात काही उरलेलं नाही, असा एक उदार विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच येऊ लागला होता. इतक्यात नचिकेतने बाटली घेतली, कड चिमटीत धरली, आणि एका ओढीत, टर्रकन, वरपासून खालपर्यंत अखंड लेबल सोलून काढलं. बाटलीवर डिंकाचा थेंबसुद्धा राहिला नाही.

अकरा वर्षांत श्रीहरीला ते एकदाही जमलं नव्हतं.